काकूचा हात

"पाहून घ्या रे पोट्टेहो, जास्त वेळ ठेवली का जळते." प्रोजेक्टरमध्ये स्लाइड सरकवताना आमचे रसायनशास्त्राचे सर दर वेळी हे म्हणत. दिव्याची आच फार होती. फिल्म खरंच करपायची.

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या त्या शाळेत मी गणित शिकवायचो. रसायनं एकदाच पुरतील एवढी, आणि वर्गात मुलं साठ. म्हणून सर घरच्या अंगणात प्रयोग मांडत, त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, परीक्षानळी धरत आणि सर फोटो काढत. फिल्म नॅरोगेजच्या छोट्या गाडीने नागपूरला धुवायला जाई. वर्गाच्या खिडक्यांना कापसाचे बोरे, म्हणजे रिकामी पोती, टांगून अंधार करणं माझ्याकडे होतं. मग चादरीवर वहिनींचा हात दिसे. हिरव्या बांगड्या, अंगठ्यावर तव्याचा डाग. चेहरा कधीच नाही. "चेहरा का परीक्षेत येते?" सर म्हणायचे.

एका मुलाने प्रॅक्टिकलच्या वहीत लिहिलं, 'काकू दोन थेंब आम्ल टाकते, मग फेस येतो.' छिंदवाड्याहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ये काकू कौन है?"

सर ओशाळले. "घरकीच है, साहब."

पुढे एका पावसाळ्यात वहिनी काविळीने गेल्या. तेरवी आटोपून सर शाळेत आले आणि त्याच दिवशी मला म्हणाले, "बोरे टांगा." मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू. लग्नातला एक धुरकट फोटो सोडला तर वहिनींचं घरात काही उरलं नव्हतं; होत्या त्या ह्या स्लाइड. मी म्हणालो तेच तुम्हीही म्हणाला असता.

"सर, ह्या स्लाइड घरी जपून ठेवा ना."

"मंग पोट्टे काय पायतील?"

मोरचुदाच्या निळ्या नळीची स्लाइड लागली आणि सर चादरीकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने करपल्याचा वास सुटला. चादरीवर वहिनींच्या मनगटापाशी तपकिरी डाग पडला, पसरू लागला.

पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, जळून राहिली."

"दिसते मले, बाई."

तरी त्यांनी ती काढली नाही. शेवटी मीच उठून बटण बंद केलं. तोवर बांगड्याही गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सर उरलेल्या स्लाइडचा डबा घरी घेऊन गेले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी खडूनेच शिकवलं. फळ्यावर नळी फार सुबक काढत, निळ्या खडूने मोरचूद भरत. धरणारा हात तेवढा काढत नसत.