बनुआत्याच्या दाढेतली चांदी

माझी सोनईची बनुआत्या कुणाच्या बापाला भीत नाही, पण दाढेत भरलेल्या चांदीला मात्र भ्यायची. त्या चांदीत पारा असतो, असं तिनं मोबाईलवर ऐकलं होतं. मी नगरच्या कॉलेजात चुंबकीय पदार्थांवर संशोधन करते. म्हणून परवा भाकरी चावताना ती चांदी निखळली, तशी आत्या तुकडा पुडीत बांधून थेट माझ्या प्रयोगशाळेत हजर!

"तपास. इख हाय का औषध, ते सांग."

पारा तपासणं माझं काम नव्हे, हे तिला काही पटेना. शेवटी वैतागून मी तुकड्याजवळ चुंबक धरला, तर त्यावरची काळी पूड पटकन चुंबकाला चिकटली. मी चाटच पडले. दातातली चांदी अशी चिकटत नाही!

"डॉक्टरनं लोखंड भरलं मेल्यानं!" आत्या कडाडली. "चल, त्याच्या दारात बसते!"

मी पूड हुंगली. वास लहानपणापासूनच्या ओळखीचा, तिच्या मिश्रीचा.

"आत्या, दातांना लावायची तंबाखू कशावर भाजतेस?"

"लोखंडी तव्यावर. चांगली खरवडून खरवडून."

म्हणजे हा तव्याचा कीस! मग मात्र माझं डोकं फिरलं. चांदीची कसली भीती धरतेस, ही जळकी तंबाखू तुझा घात करील, असं मी तिला घसा बसेपर्यंत सुनावलं. आत्यानं सगळं ऐकलं. तिला पटलंही.

"व्हय गं, तुजं खरं हाय," ती उठत म्हणाली. "उद्यापासून मातीच्या खापरावर भाजते."