खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

मी ज्या दूध प्लँटवर काम करते, तिथल्या सर्व्हरच्या खोलीत पूर्वी आठ मशीन होती. चार जोड्या. जोडीतल्या एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं नुसतं त्याच्यावर लक्ष ठेवून बसायचं. पहिलं आडवं पडलं की दुसऱ्यानं काम उचलायचं. मला ही व्यवस्था मनापासून पटायची. कुणीतरी कुणावर तरी डोळा ठेवून असावं, असं माझं एकूणच मत आहे.

मग पुण्याहून एक इंजिनियर आला. चाळिशीकडे झुकलेला, अतिशय सौम्य. आठ मशीनचं काम दोन मोठ्या मशीनवर आणायचं त्याच्याकडे दिलं होतं. मशीनवर एकच ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यात कप्पे पाडायचे आणि एकेका कप्प्यात एकेक प्रोग्राम ठेवायचा. आतल्या प्रोग्रामला वाटतं, सगळं मशीन आपलंच आहे. एका घरात भिंती घालून बिऱ्हाडं ठेवावीत, तसं. जोड्या मोडायच्या नव्हत्या. जोडीतला एक या मशीनवर राहील आणि दुसरा त्या.

"आणि छप्परच पडलं तर?" मी विचारलं.

"तुमचं बरोबर आहे मॅडम," तो म्हणाला. "म्हणून तर दोन घरं घेतलीत."

प्रत्येक प्रश्नाला तो आधी 'तुमचं बरोबर आहे' म्हणायचा. माझं एवढं बरोबर होतं तर याला पुण्याहून बोलावला कशाला? इतकं गोड बोलणारा माणूस मला आजवर कधी पचलेला नाही.

खरा घोर वेगळाच होता. माझा करार दिवाळीला संपत होता, आणि रिकामी होत चाललेली खोली बघून आमचे मॅनेजर एकदा बोलून गेले होते, "दोन मशिनी राखायला अख्खं माणूस कशाला पायजे वो? पुण्यात बसून बघत्यात की ते." तेव्हापासून इंजिनियरची बोटं लॅपटॉपवर चालताना दिसली की वाटायचं, हा माझीच जागा पुसतोय. तो चहाला गेला की मी स्क्रीनवर जोड्या तपासायची. एक इकडे, एक तिकडे. सगळं जागच्या जागी. त्यानं माझा संशय उलट वाढायचा. काम संपल्यावर मॅनेजरांनी माझा पासवर्डही काढून घेतला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. माझ्या हातात आता फक्त मशीनचं बटण उरलं होतं.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी, सकाळचं दूध आत आलं की, यंत्रांची पूजा होते. ती नुसता हार घालून होत नाही. मशीन बंद करायचं, उघडून धूळ काढायची, पुसायचं आणि ओल्या कुंकवाचं बोट लावायचं. सुकं कुंकू पंख्यात जातं. चालू यंत्राची पूजा करायची नाही, असं प्लँटवरचे जुने लोक मानतात. त्यामुळे सर्व्हरच्या खोलीत जोडीतलं एक बंद व्हायचं, दुसरं काम सांभाळायचं, मग अदलाबदल.

"यंदा बंद नको करूया मॅडम," देखरेखीसाठी अजून थांबलेला इंजिनियर म्हणाला. "बाहेरूनच हार घाला."

"चालू ऱ्हाऊ द्या की," मॅनेजरही म्हणाले.

दोघंही एका सुरात. का नको? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पूजा करायची तर रीतसर, असं मी ठणकावून सांगितलं. देवाच्या कामात आडवं यायला मॅनेजर धजावले नाहीत. ते निघून गेले आणि मी पहिल्या मशीनचं बटण दाबलं.

तीन जोड्या दुसऱ्या मशीनवर सुरळीत चालू राहिल्या. दूध संकलनाचा प्रोग्राम मात्र गप्प. गावोगावचं लिटर आणि फॅट त्यातच भरलं जातं. चंदगडकडं पावसानं गाड्या अडकल्या होत्या, तिथल्या सकाळच्या नोंदी अजून चालूच होत्या. लगेच फोन आला, "ओ मॅडम, तुमचं मशीन झोपलंय व्हय?"

इंजिनियरनं स्क्रीन बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. संकलनाची जोडी, दोघंही, मी बंद केलेल्या मशीनमध्येच बसले होते. मध्यंतरी दुसऱ्या मशीनला मेमरी कमी पडत होती, म्हणून त्यानं एकाला दिवसापुरतं इकडे हलवलं होतं. परत न्यायचं राहून गेलं होतं.

मी मशीन चालू केलं. संकलन पुन्हा सुरू होतंय तोच मॅनेजर धापा टाकत आले. "कुणी बंद केलं ह्ये?"

आता हा म्हणणार, मॅडमनी केलं, मी नको म्हणत होतो. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. माझी नोकरी तिथंच संपली असती. मला त्याचा रागच आला.

"चूक माझी आहे साहेब," तो म्हणाला. "जोडी मीच एका मशीनवर ठेवली होती. त्यांनी बंद केलं म्हणून कळलं. संध्याकाळी दूध येताना हे मशीन गेलं असतं तर सगळंच अडकलं असतं."

दिवाळीला माझा करार वाढला. त्याला त्याच्या कंपनीनं आमच्या कामावरून काढलं. निघताना तो म्हणाला, "तुमचं बरोबर होतं मॅडम." मी त्याच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला.

यंदाही खंडेनवमीला बटण दाबताना तो आठवला. मॅनेजरांनी विचारल्यापासून तो बोलेपर्यंतच्या तेवढ्या वेळात माझंही एक वाक्य तयार झालं होतं: 'साहेब, हे सगळं यांचं काम, मला तर पासवर्डसुद्धा नाही.' तेही खरंच होतं. चूक माझी असती तर मी ती अशी कबूल केली असती का? इतकी वर्षं मी दुसऱ्यांवर डोळा ठेवून आहे, पण या एका बाबतीत मला माझाच भरवसा वाटत नाही.