आतेच्या पाठीतले स्क्रू

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण जाते असं आमच्याकडे मानतात. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात माझ्या वयाचं दुसरं पायाळू मूल नव्हतं. त्यामुळे शाळेची बस यायच्या आधी, टाय आणि पांढरे मोजे घातलेली मी, एक मोजा काढून, पडवीत पालथ्या पडलेल्या कुणाच्या तरी उघड्या पाठीला उजवा पाय लावायचे. पाय लावून झाला की त्याच माणसाला वाकून नमस्कार करायचा, कारण मोठ्यांना पाय लागला.

हे सगळं आते घडवून आणायची. आते म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला आणि ती माहेरी परत आली, ती माझ्या जन्माच्याही आधी. बाबा बोटीवर असायचे, वर्षातला बराच काळ समुद्रात. घरात आई, आते आणि मी. आते काजूच्या कारखान्यात जायची आणि संध्याकाळी येताना उद्या सकाळी कोण येणार ते ठरवून यायची.

"गो, जरा जोरान मार," शेजारची काकी एकदा पडल्या पडल्या म्हणाली. "माशी बसली काय लाथ बसली, तां तरी कळांदे."

"इंग्लिश शाळेतली लाथ ती," आते म्हणाली. "आधी 'सॉरी' म्हणता, मगे मारता."

सगळ्या हसल्या. मी खरंच मनात सॉरी म्हणत होते.

मला ते आवडत नसे. पण मान खाली घालून उभं राहायची सवय असल्यामुळे पाठी मी नीट पाहिल्या. मधली मणक्यांची ओळ प्रत्येकाची वेगळी असते. डोक्यावर माशांची पाटी वाहणाऱ्या बायकांचा मानेखालचा एक मणका मोठा दिसायचा. काजू सोलणाऱ्यांच्या पाठीला खांद्यापासूनच बाक यायचा. पुढे पुण्यात, मणक्याचे इम्प्लांट तयार करणाऱ्या एका कंपनीत मुलाखतीला गेले, तेव्हा हेच क्षेत्र का निवडलं असं विचारलं. मी काहीतरी तयार करून नेलेलं उत्तर दिलं.

माझं काम स्क्रूचं. मणक्याच्या मागच्या बाजूला डावीउजवीकडे हाडाचे दोन आखूड, भरीव भाग असतात. त्यांतून स्क्रू आत जातात आणि स्क्रूंच्या डोक्यांतून सळी जाते. आजारी मणक्याच्या वरचे आणि खालचे मणके असे एकमेकांना बांधले, की मधला भाग हलत नाही. मी आहे ती टीम ठिसूळ हाडासाठी स्क्रू बनवते. आटे किती खोल ठेवायचे, किती अंतराने ठेवायचे, टोक कसं असावं, यात माझं वर्ष जातं. चाचणीसाठी हाडाऐवजी फोमचे ठोकळे वापरतात, कमी-जास्त घट्ट. सगळ्यात नरम ठोकळ्याला लॅबमधली मुलं 'आजी' म्हणतात. "आज आजीला ओढायचंय का?" असं विचारतात. ठोकळ्यात स्क्रू बसवायचा आणि मशीनने सरळ वर ओढायचा. स्क्रू कधी तुटत नाही. आजीच सुटते. भोकातून रव्यासारखा भुगा टेबलावर पडतो, आणि तो ब्रशने गोळा करायचा असतो.

आतेची पाठ उन्हाळ्यात दुखायला लागली. मला कुणी सांगितलं नाही, कारण आतेनेच सांगू दिलं नाही. "चेडू चवथीक येतला. तेचो पाय लागलो काय जातला," असं तिने आईला सांगून ठेवलं होतं. चार महिने तिने ते दुखणं माझ्यासाठी राखून ठेवलं.

गणपतीला मी आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी आते पडवीत चटईवर पालथी पडली होती, पदर बाजूला करून. मी खाली बसले. पाठीच्या मधोमध, ब्लाउजच्या खालच्या कडेला, एक मणका टोकदार होऊन बाहेर आला होता. मी बोट टेकवलं फक्त. तिने तोंडातून हवा आत ओढली.

"हात कित्याक लावतंस? पाय लाव."

"आते, आधी एक्स-रे काढायचा."

"आधी पाय लाव, मगे काय तो फोटो काढ."

"नाही."

आतेला मी नाही म्हटल्याचं मला त्याआधीचं काही आठवत नाही. ती उठली, पदर सारखा केला आणि आत गेली.  आरतीला माझ्याजवळ न येता आईच्या पलीकडे उभी राहिली.

शेवटी तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, दोन मणके क्षयाने पोखरले होते. "क्षय? माका खोकलो तरी आसा?" असं ती डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत होती. हाडालाही क्षय होतो हे तिला पटेना. आत जमलेला पू मज्जारज्जूवर दाब देत होता, म्हणून गोव्याला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. पोखरलेला भाग साफ करायचा, वरखाली स्क्रू आणि सळ्या घालून आधार द्यायचा, आणि मग वर्षाहून जास्त काळ गोळ्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं. "तां लोखंड तुमच्या हापिसातलां मां?"

"नाही आते. दुसऱ्या कंपनीचं आहे. आणि लोखंड नाही, टायटॅनियम."

तिने डोळा मारला. "सांगा नको म्हणान सांगितल्यानी आसतले." आणि पलीकडे सलाईन बदलणाऱ्या नर्सला म्हणाली, "माझ्या भाचयेन केललां घालतले माका."

मी नर्सलाही सांगितलं की तसं नाही. नर्स हसली. ते तिला माझा संकोच वाटला असावा. मी कमी बोलते, आणि बोलते ते घरातसुद्धा प्रमाण मराठीत. मालवणी मला सगळी कळते, पण तोंडातून येत नाही. आतेच्या मते मी हापिसात बोलल्यासारखी बोलते, आणि हापिसातल्या माणसांचं कोण खरं धरतं.

घरी आणल्यावर मी तिला नीट समजावलं. केळीला घड धरला की आपण टेकू लावतो, तसा हा टेकू आहे. टेकू घड पिकवत नाही. हाड भरायचं ते गोळ्यांनी. हाड भरलं नाही तर टेकूही कधीतरी सुटेल. ती बँकेत मान हलवते तशी मान हलवत राहिली.

त्या थंडीत ती अंगणात फिरायला लागली. दुखणं खरंच गेलं होतं. बायका बघायला यायच्या आणि ती त्यांना पाठीवरचा व्रण दाखवायची. "हात लावन बघा, आत लागता काय," म्हणायची. फोनवर आई हे हसत हसत सांगायची. मीही हसायचे.

शिमगा होऊन गेला आणि एका दुपारी आईने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. पाठ परत दुखते म्हणून काढलेला एक्स-रे. आईने तो खिडकीच्या काचेला धरून फोटो काढला होता, त्यामुळे आतेच्या फासळ्यांमागे आमच्या पोफळी दिसत होत्या. मी फोटो मोठा केला. खालच्या दोन स्क्रूंच्या भोवती बारीक काळी कडा होती. अशी कडा मी मीटिंगमध्ये पडद्यावर किती वेळा पाहिली आहे. तिचा अर्थ एकच. स्क्रूभोवतीचं हाड मागे सरलं आहे, स्क्रू पोकळीत हलतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी होते. आते खाटेवर बसली होती, उशीला टेकून. मी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना.

"गोळये?" ती म्हणाली. "ते सोडलंय मी. पौषातच."

"पण सरकारी दवाखान्यातली आशाताई आणून देत होती ना?"

"देय होती. बिचारी उन्हातान येय. मी घेय होतंय. नाय म्हटल्यार तिका वायट वाटतला."

"मग टाकायचीस कुठे?"

"माडाच्या मुळात." तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "माड बरो आसा."

आई पोळपाट तसाच ठेवून दारात आली. "वन्सं, माका रोज सांगा होतास घेतलंय म्हणान!"

"तुझ्या जिवाक घोर नको म्हणान सांगा होतंय. गो, त्या गोळयांनी मूत लाल होता. पोटात आग पडता, घास जाय नाय. आणि पाठीत हिच्या हातचां लोखंड आसा. मगे गोळये कित्याक खाव? गोळये ज्यांका कोण नाय, तेंका."

शेवटचं वाक्य ती भांडण्यासाठी बोलली नव्हती. कारखान्यात तिच्या बाजूला बसणाऱ्या बायकांपैकी कुणाकुणाला तिने सरकारी गोळ्या खाताना पाहिलं असेल. त्यांच्या घरी पुण्याला शिकलेली भाची नव्हती. आपल्याकडे आहे, आणि तिने केलेलं आपल्या अंगात आहे, हे तिच्यासाठी इतकं उघड होतं की गोळ्या खात राहणं तिला माझा अपमान वाटला असता.

"आते, ते माझ्या हातचं नाही."

"असांदे गो," ती म्हणाली, जशी लहान मुलाची समजूत काढतात.

मग ती आंघोळीला उठली. मोरीपर्यंत गेली तेव्हा डाव्या पायातली चप्पल मागे वाटेतच राहिली होती, आणि तिला ते कळलं नव्हतं. आईने चप्पल उचलून तिच्यापुढे ठेवली. तिने पाय घालायचा प्रयत्न केला. पाय चपलेच्या बाजूला पडत राहिला. मी गाडीवाल्याला फोन लावला.

गोव्याचे सर्जन तेच होते. शांत माणूस. त्यांनी मला वेगळं बोलावून पडद्यावर स्कॅन दाखवला आणि माझ्याशी ते पेशंटच्या नातेवाइकाशी बोलतात तसं नाही, त्याच कामातल्या माणसाशी बोलतात तसं बोलले. जुने स्क्रू काढावे लागतील. आतला पू परत साफ करायला हवा. आता धरायला जवळ हाडच नाही, म्हणून वर आणि खाली चांगल्या मणक्यांपर्यंत जायचं. चांगले म्हणजे, या वयात जेवढे चांगले असतील तेवढे.

"ठिसूळ हाडाचे स्क्रू लागतील," असं म्हणून त्यांनी मॉडेल सांगितलं. "हे तुमचेच ना?"

"हो."

मला दुसरं काहीतरी सुचवावंसं वाटत होतं. पण त्याहून बरं धरणारं काही नव्हतं, आणि ते मला माहीत होतं, कारण बाकीचेही मी ओढून पाहिले होते.

ऑपरेशन नीट झालं. नंतरच्या एक्स-रेत स्क्रू खोल आणि सारखे बसलेले दिसत होते, दोन्ही बाजूंच्या सळ्या पाठीच्या बाकाबरोबर वळलेल्या. इतका चांगला एक्स-रे आमच्या ऑफिसातही क्वचित येतो. "मणका आता हलणार नाही," सर्जन म्हणाले. "पायांचं मी सांगू शकत नाही. गोळ्या मात्र आता एक दिवसही चुकता कामा नयेत. पुन्हा पू झाला तर मी उघडू शकणार नाही." एक्स-रे पाहून पुण्याहून माझ्या वरिष्ठांचा निरोप आला. पेशंटचं नाव काढून हा फोटो प्रेझेंटेशनमध्ये वापरता येईल का? आमच्या कामात यश म्हणजे स्क्रू सैल न होणं आणि सळी न मोडणं. त्या हिशेबाने आतेची पाठ यशस्वी होती. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

सध्या मी घरूनच काम करते, आतेच्या खाटेशेजारी टेबल लावून. मध्येच सोडल्यामुळे जुन्या गोळ्यांपैकी काही आता लागू पडत नाहीत, म्हणून नव्या आहेत, त्या जास्त त्रासाच्या. तिला मळमळतं, तोंडाला चव नाही. दोन्ही पाय कमरेपासून जड पडून असतात. आई आणि मी मिळून तिला कुशीवर वळवतो, चादर बदलतो. लाज वाटते म्हणून ती तेवढा वेळ डोळे मिटून घेते. सकाळी मी पायथ्याशी बसते आणि ती अंगठा हलवायचा प्रयत्न करते. कपाळावर घाम येईपर्यंत करते.

"हल्लो मां?"

"नाही, आते."

"सारक्या बघ. माका हल्ल्यासारखो वाटता."

मी पुन्हा बघते.

परवा असंच झाल्यावर तिने कपाळावरचा घाम पदराने पुसला. मग म्हणाली, "ह्या वेळचां तुझां मां?"

हा प्रश्न येणार हे मला हॉस्पिटलपासून माहीत होतं. हो म्हटलं असतं तर तिचा चेहरा कसा झाला असता तेही माहीत होतं. आणि त्यानंतर गोळ्यांचं काय झालं असतं, तेही.

"नाही," मी म्हटलं. "ते दुसऱ्यांचं आहे. आपल्याला गोळ्यांवरच राहायचंय."

 या खेपेला तिने डोळा मारला नाही, हसली नाही.

"माका वाटलाच," ती म्हणाली. "तुझां असतां तर पाय हललो असतो."

आणि तिने गोळ्यांसाठी हात पुढे केला.