दाराच्या चौकटीवरच्या रेघा

बाबा आडवे झाले की सरळ दिसतात. उभे राहिले की कमरेतून पुढे मोडतात. पार्किन्सन जुना, हे वाकणं गेल्या दोन वर्षांतलं. गोळ्या वाढवून झाल्या, पट्टे बांधून झाले.

शेवटी डॉक्टर म्हणाले, मणक्यात मज्जारज्जूजवळ बारीक तार घालू, कमरेला डबी लावू, तिच्यातून हलकी वीज जाईल. काहींना फरक पडतो, खात्री नाही. आठवडाभर घरी बघा. फरक दिसला तरच कायमची बॅटरी, नाहीतर तार काढून टाकू. "मापं तुम्हीच घ्या," असं मला म्हणाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मला ते मानाचं काम वाटलं.

रोज शाळेत शिकवायला निघण्याआधी मी बाबांना चौकटीशेजारी उभं करायची, डोक्यावर आडवी पट्टी धरायची आणि चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारायची. रेघ चढत गेली. पाचव्या दिवशी चार बोटं वर. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून झालं.

सहाव्या दिवशी आई चहा गाळताना म्हणाली, "तू गेलीस की परत वाकतात. तू पट्टी धरलीस की मांडीवर हात रेटतात. तुझं लक्ष डोक्याकडे, हाताकडे कोण बघतंय?"

मी बाबांकडे बघितलं.

"एवढी शिकलीस, एवढी धावपळ करतेस," ते म्हणाले. "तुझी रेघ खाली कशी येऊ द्यायची?"

बाबा रेल्वेत गँगमन होते. रुळांमधलं अंतर मोजण्यात जन्म गेला. मी म्हटलं, "माप खोटं लिहिलं तर गाडी पडते, असं तुम्हीच सांगायचात."

"बघ, माझंच मला ऐकवते," ते आईला म्हणाले.

"मग काय शेजाऱ्यांचं ऐकवेल?"

चौकटीशेजारी उभे राहून त्यांनी मांडीवरचा हात काढला. हळूहळू खाली गेले. मी रेघ मारली. पहिल्या रेघेपेक्षा एक बोट वर. फार तर.

तेवढ्यावर बॅटरी बसवण्यात अर्थ नाही, डॉक्टर म्हणाले. तार निघाली. "थई गयुं, झालं काका," गुजराती नर्स म्हणाली.

परत येताना रिक्षात बाबा आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. सयाजीगंजच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "एक बोट होतं ना पण?"

"होतं."

"लिहिलंस?"

"लिहिलं, बाबा."

"मग चालशे," ते म्हणाले.