बुधवारी आई जेवायची

"अरे, आज नको. आज तिचा गुरुवार हाय."

आत्या हे वाती वळता वळता म्हणाली, मान वर न करता. मी फ्रिजपाशी पाण्याची बाटली घेऊन उभी होते. पप्पांनी आईचे केस मनगटाभोवती गुंडाळून धरले होते आणि तिचं डोकं ओट्याच्या कडप्प्यापर्यंत खाली आणलं होतं. कपाळ आणि दगड यांच्यात चार बोटांचं अंतर असेल. आत्याचं बोलणं ऐकून ते थांबले. केस सोडले, बोटांत अडकून आलेले झटकले आणि म्हणाले, "चहा टाक."

आईने चहा टाकला. त्यात आलंसुद्धा किसलं.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर निफाडजवळच्या गावाहून ती आमच्याकडे राहायला आली. पंचवटीत खाली पप्पांचं खतांचं दुकान आणि वर आमचं घर. दुकानात पप्पांचा आवाज कधी चढत नसे. शेतकरी त्यांना भाऊ म्हणायचे, द्राक्षाची पानं रुमालात गुंडाळून दाखवायला आणायचे आणि पप्पा ती उजेडात धरून शांतपणे समजावून सांगायचे. जिना चढून ते वर आले की चपलांच्या आवाजावरून मला कळायचं. दोन्ही चपला एकदम पडल्या तर ठीक. एक पडली आणि दुसरी भिंतीवर आपटली, तर मी माझ्या खोलीत जाऊन पुस्तक उघडायचे. वाचायचे नाही. नुसतं उघडायचे.

कारण काहीही चालायचं. वरणात हिंग कमी, शर्टाला चुणी, मामाचा फोन जरा लांबला. उलट्या हाताने कानाखाली मारायचे. एकदा कुकरचं झाकण मारलं, तिची भुवई फुटली. एकदा आमटीचं पातेलं फेकलं. ते तिच्या खांद्याला लागून भिंतीवर गेलं आणि रंग दिला तरी हळदीचा डाग वर येत राहिला. पाहुणे विचारायचे, "इथं ओल येते का हो?" आई म्हणायची, "हो, वरून पाझरतं."

पण तिचा उपास असेल तर ते हात लावायचे नाहीत. हा नियम आत्याने सासरहून आणला होता. उपाशी बाईवर हात टाकला की घराला दोष लागतो, म्हणे. तिच्या सासऱ्यांच्या भावकीत कोणीतरी तसं केलं आणि त्यांची चालती विहीर आटली. पप्पा बाकी कशालाच भीत नसत. विहिरीच्या गोष्टीला मात्र भ्यायचे.

मी शाळेत होते तेव्हा आईचे फक्त सोमवार आणि चतुर्थी असायची. मग गुरुवार आला. मग शनिवार, मग शुक्रवार. मंगळवार देवीचा. रविवारी सूर्याचा धरला, अळणी. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणायच्या, "वहिनी, किती करता हो तुम्ही! आम्हाला एक चतुर्थी झेपत नाही." आई हसायची. लोक सोमवार संध्याकाळी सोडतात. आई सोडायची नाही, कारण पप्पा दुकान बंद करून वर यायचे ते संध्याकाळीच. सकाळी ते खाली उतरले की ती दोन घास वरणभात खाऊन कालचा उपास सोडायची आणि तोंड धुऊन आजचा धरायची. दिवसभर कोरा चहा आणि वाटीभर साबुदाणा. बुधवारही धरायला निघाली तेव्हा आत्यानेच अडवलं. "सातीच्या साती दिवस उपाशी राहायला तू काय जोगतीण हायेस? एक दिस तरी अन्नाचा मान ठेव."

म्हणून बुधवार राहिला. बुधवारी आई जेवायची. आठवड्याचं सगळं बुधवारी व्हायचं. बुधवारी पप्पांना रविवारचा हिंगसुद्धा आठवायचा.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आईच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. आधी चमचे, मग पाण्याची कळशी. पोटऱ्यांत गोळे यायचे. जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसायची आणि मला म्हणायची, "तू हो पुढे, मी येते." लोणच्याच्या बरणीचं झाकण तिला फिरेना. पप्पा म्हणाले, "नाटकं." एका बुधवारी मार खाल्ल्यावर ती उठलीच नाही. तिला उठायचं होतं, पाय उचलत नव्हते. पप्पा स्वतः घाबरले आणि मला म्हणाले, "डॉक्टरकडे घेऊन जा हिला. पडली म्हणून सांग."

आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून ते माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. मी इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून सगळे डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलतात आणि आई शेजारी बसून आमच्या तोंडांकडे बघते. पोटॅशियम फार कमी झालं होतं. बीपीची जी गोळी ती घेत होती, ती लघवीवाटे पोटॅशियम बाहेर टाकते आणि खाण्यातून ते आत जातच नव्हतं. गोळी बदलू, पातळ औषध देऊ, पण रोज ताटातून गेलं पाहिजे, ते म्हणाले. मग आईकडे वळून मराठीत: "काकू, काही महागाचं नाही. मुगाची डाळ, पालक, टोमॅटो, बटाटा, केळं, ताक. दोन वेळा नीट जेवा. हे असंच कमी होत राहिलं तर हृदय थांबतं. उगाच घाबरवत नाही."

आई म्हणाली, "जेवते की."

जेव म्हणणं म्हणजे मार खा म्हणणं होतं आणि न जेवता ती मरणार होती. मी दोन्हींच्या मधून वाट काढायची ठरवली. फोनवर वाचत बसले. साबुदाण्यात पोटॅशियम जवळजवळ नसतंच. पण रताळ्यात भरपूर असतं. बटाट्यात असतं, मात्र सोलून, चिरून उकडला आणि पाणी ओतून दिलं तर बरंचसं पाण्याबरोबर मोरीत जातं. म्हणून अख्खा, सालासकट उकडायचा. केळं, खजूर, शेंगदाणे, दही, शहाळं. मला हसूच आलं. हे सगळं उपासाला चालतं! आईला एकही उपास सोडायला नको होता. फक्त साबुदाणा सोडायला हवा होता.

ती लगेच तयार झाली नाही. "एवढं खाल्लं तर तो उपास कसला, बाळा?"

"आई, सगळं उपासाचंच आहे. रताळं चालतं ना? केळं चालतं ना?"

"चालतं गं. पण पोट भरलेलं माणसाच्या तोंडावर दिसतं."

तरी माझ्यासाठी खायला लागली. पप्पा खाली दुकानात, आत्या दुपारची झोपलेली, तेव्हा आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून खायचो. गरम रताळं फोडून त्यावर दही. बटाट्याच्या फोडींवर जिरं आणि दाण्याचं कूट. कोपऱ्यावरच्या गाडीवरून मी शहाळं आणायचे, ती पाणी पिऊन मलई चमच्याने खरवडायची आणि चमचा चाटायची. काही दिवसांनी तिच्या पोटऱ्यांतले गोळे थांबले. एकदा तिने लोणच्याच्या बरणीचं झाकण माझ्यासमोर फिरवून उघडलं आणि काही न बोलता परत लावलं.

मग तो सोमवार आला. पप्पा चहा पीत बसले होते. आत्या कचऱ्याची बादली जिन्यात ठेवायला निघाली आणि दारात थांबून हसली. "सालं तर बघ रे. केळाची, रताळ्याची. वर शहाळं. सकाळधरून चरतेय. माणसाचा सोमवार हाय का म्हशीचा?"

ती थट्टाच करत होती. मला आजही तसंच वाटतं. पप्पाही हसले. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे जेवलीच की ही."

आईने हातातलं फडकं हळूच ओट्यावर ठेवलं. तिला माझ्याआधी कळलं होतं.

पहिला फटका कानावर बसला. ती भिंतीला धरून उभी राहिली. "देवाला फसवते. मला फसवते. माझ्या घरात चोरून खाते." प्रत्येक वाक्यामागे एक फटका. आत्या म्हणत होती, "अरे, गमतीत म्हटलं मी, अरे." त्यांनी बादलीतलं रिकामं शहाळं उचललं. रिकामं झालं तरी शहाळं जड असतं. ते जबड्यावर बसलं तेव्हा आवाज नारळ फोडल्यासारखा आला. आई खाली बसली. ते वाकले आणि दुसऱ्यांदा मारलं. तोंडातून रक्त आणि लाळ एकत्र गळायला लागली, दात तुटून फरशीवर पडला. तिने तो पदरात उचलून घेतला, म्हणजे कोणाच्या पायाला लागायला नको. मी तिथेच उभी होते. तोंड उघडं होतं माझं. आत्याने देवापुढचं निरांजन लावलं आणि दोन्ही हातांनी कान धरले.

त्यानंतर आईने माझ्या हातचं काही घेतलं नाही. "आता मला काही देऊ नकोस," एवढंच म्हणाली. राग नव्हता तिच्या आवाजात. पोटॅशियमचं पातळ औषधही ती बेसिनमध्ये ओतायची, कारण बाटली बघून आत्याने विचारलं होतं, "हे सरबत कसलं?" नुसता कोरा चहा उरला. पुढच्या बुधवारीही ती जेवली नाही. आत्याने या वेळी अडवलं नाही.

एका सकाळी ती बाथरूममध्ये सापडली, पाण्याचा मग उलटलेला, डोळे उघडे. पाय तर हलत नव्हतेच, मानही धरत नव्हती. पप्पांनीच तिला दोन्ही हातांवर उचलून जिना उतरवलं. खाली दुकानाच्या दारात उभा असलेला एक शेतकरी पटकन टेम्पो घेऊन आला आणि हॉस्पिटलपर्यंत पप्पांना धीर देत राहिला, "भाऊ, होईल सगळं नीट."

हॉस्पिटलमध्ये छातीला वायरी लावल्या. नसेतून पोटॅशियम सोडलं. ते फार हळू सोडावं लागतं आणि जाताना नस जाळत जातं. मार खाताना आईने कधी आवाज केला नव्हता. ती आवाज करायची नाही म्हणून पप्पा आणखी मारायचे, असं मला लहानपणी वाटायचं. त्या दिवशी वॉर्डमध्ये ती ओरडली. "काढा हे, हात जळतोय माझा, काढा." इतकी मोठ्याने ओरडली की समोरच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. मी तिचा हात धरून ठेवला. नर्स म्हणाली, "ताई, घट्ट धरा, सुई निघाली तर परत टोचावं लागेल." तिला जाळणाऱ्या गोष्टीसाठी मीच तिला दाबून धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. राउंडला डॉक्टरीणबाई आल्या, तरुण, माझ्याहून फार मोठ्या नसतील. पप्पा खाटेच्या पायथ्याशी थर्मास घेऊन उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, शहाळ्याचं पाणी दिलं तर चालेल ना? आणू का?"

"चालेल. तुम्हाला बरंच माहीत आहे."

"आमचा धंदाच तो," पप्पा म्हणाले. दुकानातल्या आवाजात. "द्राक्षाला हेच पोटॅश कमी पडलं की पानाचे काठ करपतात. वेळेवर दिलं तर वेल वाचतो. झाड काय बोलणार, आपणच बघायचं."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग घरी लक्ष का नाही दिलं?"

"ऐकते कुठं हो? सारखे उपास. देवभोळी आहे. मी सांगून सांगून थकलो."

डॉक्टरीणबाईंनी आईच्या खाटेवर हात टेकला. जबड्यावरचा पिवळा पडलेला डाग त्यांनी बघितला, मग तुटलेल्या दाताची जागा. "हे पडल्यामुळे?"

"बाथरूममध्ये पडली ना," पप्पा म्हणाले. डाग बाथरूमच्या कितीतरी आधीचा होता.

"काकू, इतके उपास कशासाठी?"

आई चादरीची किनार दुमडत राहिली. "असंच. मनाला शांत वाटतं."

"घरी गेल्यावर बंद करायचे सगळे. नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही इथपर्यंत पोचणार नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, तूच समजाव हिला. सोपं तर आहे, जेवायचं फक्त.

पप्पांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण ते माझ्याकडे बघत होते. आईही बघत होती आणि तिने मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. समोरची म्हातारी, तिची सून, सलाईनची बाटली बदलणारी नर्स, सगळ्या तिथेच होत्या. इंग्रजीत सांगितलं असतं तर ते डॉक्टरीणबाई आणि माझ्यातच राहिलं असतं. मी खाटेची लोखंडी कड धरली आणि मराठीत, वॉर्डभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "ती जेवली की पप्पा तिला मारतात, म्हणून ती जेवत नाही."