अंजनाबाईच्या कमरेची किल्ली

अंजनाबाई कुणाच्या बापाला भीत नाही, असं अख्खी वस्ती सांगे. सरकारी सूतिकागृहात ती आया होती. पक्की नोकरी, तिच्या माहेर-सासरात पहिलीच. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी तिने जुनी खुळं घराबाहेर काढली ती कायमची. कुठे बाळंतीण अडली, की शेजारच्या पार्वतीबाई बाळाची वाट मोकळी व्हावी म्हणून घरातली कुलपं, पेट्या, गाठोडी सगळं उघडायला लावत. अंजनाबाई हसे. पोर काय पेटीतून निघते, म्हणे.

तिला भीती होती ती एकच, नोकरी जाण्याची. त्या उन्हाळ्यात ती भीती दाराशी येऊन बसली. विधानसभेतले दोन पक्ष दवाखान्यांच्या पैशावरून हमरीतुमरीवर आले. एक म्हणे, दवाखान्यांना वाढवून द्या. दुसरा म्हणे, आधी उधळपट्टी थांबवा. अंदाजपत्रक लटकलं आणि वस्त्यांमधल्या लहान दवाखान्यांचा कारभारच बंद पडला. या मंडळींच्या लेकीसुनांची बाळंतपणं धरमपेठेत खाजगी दवाखान्यांत होत, तेव्हा घाई कुणाला असणार? डॉक्टरसाहेबांनी सूतिकागृहाला कुलूप ठोकलं, किल्ली अंजनाबाईला दिली आणि बजावलं, हुकमाशिवाय उघडलंस तर नोकरी गेली म्हणून समज. तिने किल्ली कमरेला खोचली.

दोनच दिवसांनी कुहीकडच्या खेड्यातली एक म्हातारी अवघडलेल्या लेकीला एस.टी.ने घेऊन आली. स्टँडवरून पुढे सायकलरिक्षा. पोरगी पांढरीफटक पडली होती. अंजनाबाईचा हात कमरेकडे गेला, पण तिथेच थांबला.

"हुकूम नाही वं माय," ती म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात ने."

म्हातारीने बंद दाराकडे पाहिलं आणि रिक्षा वळवायला सांगितली.

आठवडा उलटला नाही तोच अंजनाबाईची स्वतःची लेक, प्रेमिला, अडली. पहाटेपासूनच्या कळा दुपारी मंदावल्या, अंग गार पडू लागलं. अंजनाबाईने अशा बाया पाहिल्या होत्या. पुढे काय होतं ते तिला ठाऊक होतं. पार्वतीबाई आल्या. कुणाला न विचारता त्यांनी पेट्या उघडल्या, प्रेमिलाची वेणी सोडली. आज अंजनाबाई हसली नाही. तांदळाच्या पोत्याची गाठ तिनेच सोडली.

पार्वतीबाईंनी घरभर नजर फिरवली.

"सारं उघडलं वं अंजना," त्या हळूच म्हणाल्या. "तुह्या कमरेचं राहिलं."

सूतिकागृह रस्त्यापलीकडेच होतं. अंजनाबाई धावत सुटली. कमरेची किल्ली काढून तिने कुलूप उघडलं. शेजाऱ्यांनी प्रेमिलाला खाटेसकट उचलून आणलं. मागच्या क्वार्टरमधून शोभाताई सिस्टर आल्या आणि हुकमाचं नाव न काढता कामाला लागल्या. दिवेलागणीला नातीने टाहो फोडला. प्रेमिला वाचली.

पुढे दोन्ही पक्षांचं जुळलं, दवाखाने सुरू झाले. साहेब आले, कुलूप उघडं पाहिलं, आणि हजेरीपट घेऊन बसले. अंजनाबाईला कुणी काही विचारलं नाही. ज्या धमकीला ती भ्याली होती, ती एवढीच होती.

नोकरीची भीती तेव्हाच गेली. पण कुहीकडची बाई खाटेवर आली, की अंजनाबाई पाणी तापवायच्या निमित्ताने मागे जाई. दारावरून परत धाडलेल्या त्या पोरीचं काय झालं, हे नुसतं विचारलं असतं तर कळलं असतं. निवृत्त होईपर्यंत तिने विचारलं नाही.