‘कोण बोलता?’ असे विचारणारे धुरीकाका

मी स्वभावाने भित्रा आहे, हे आमच्या मंडळात सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा वासुदेव धुरी यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या या अंकात त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी जरा थरथरली, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

धुरीकाकांची आणि माझी पहिली भेट नव्वद सालच्या जानेवारीत झाली. मी तेव्हा कुवेतमधल्या अम्गऱ्यात एका बांधकाम साहित्याच्या यार्डात स्टोअरकीपर म्हणून नवा लागलो होतो. शेजारच्या वर्कशॉपमध्ये काका विजेच्या मोटरींचे वाइंडिंग करीत. माझा रेडिओ नुसता खरखरत होता, म्हणून मी तो त्यांच्याकडे नेला. त्यांनी दोन तारा डागल्या, बटण फिरवले आणि हिंदी गाणे सुरू झाले. “लागलं!” म्हणत मी हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. गाणे संपले, दुसरे संपले, आणि वीस मिनिटांनी निवेदिकेने केंद्राचे नाव सांगितले. तेव्हा कुठे काका म्हणाले, “आता लागला.” मला कामावर उशीर झाला आणि फोरमनच्या शिव्या खाव्या लागल्या.

ही त्यांची जुनी शिस्त होती. परदेशी केंद्रांना ऐकल्याचा अहवाल पाठवला की ती पोचपावतीचे रंगीत कार्ड पाठवीत. काकांच्या खोलीची एक भिंत अशा कार्डांनी भरली होती. पण केंद्राचे नाव स्वतःच्या कानांनी ऐकले नसेल, तर ते अहवाल लिहीत नसत. आवाज ओळखीचा असला तरी वहीतला नावाचा रकाना कोराच राही. खोलीतली बाकीची मंडळी त्यांची टिंगल करीत. काका हसत आणि म्हणत, “नाव सांगणाऱ्याक जाब विचारूक येता.”

शहराबाहेर फिंतासला आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. काका तळमजल्यावर गाववाल्यांबरोबर, मी आणि माझी बायको सुनंदा दुसऱ्या मजल्यावर. तिला दिवस गेले तेव्हा काका दर शुक्रवारी शहरातल्या शर्कच्या मासळीबाजारातून जुबैदी, म्हणजे आपले पापलेट, आणून देत. वासाने तिला मळमळते म्हणून ती खालीच साफ करून, धुऊन, झाकून पाठवीत. आईने केले नसते इतके त्यांनी केले.

मग ऑगस्ट आला. इराकी सैन्य शहरात शिरले, फोन बंद पडले आणि सुनंदाला सातवा लागला. बाहेरचे जग कळायचे ते फक्त काकांच्या रेडिओवरून. त्या दिवसांत एकाच लहरीवर सकाळी एक बोलत असे, तर दुपारी दुसराच. एके दिवशी दुपारी खरखरीतून हिंदी आवाज आला: परत जाऊ इच्छिणाऱ्या भारतीयांनी उद्या सकाळी पासपोर्ट घेऊन शर्कमध्ये जमावे, बसची सोय आहे. कोणाचे केंद्र, ते ऐकू आले नाही. तासाभराने तेच निवेदन पुन्हा झाले, आणि नेमके नावाच्याच वेळी खरखर वाढली. सगळी इमारत काकांच्या तोंडाकडे पाहत होती.

“नाव कळल्याशिवाय जावचा नाय,” काका म्हणाले. “वाटेत चेकपोस्टांवर सैनिक आसत. पोटुशी बाई घेऊन खंय फिरतलंस?”

वरच्या मजल्यावरची दोन कुटुंबे गेली. आम्ही बाकीचे राहिलो. सुनंदाने भरलेली बॅग तशीच दाराशी ठेवली.

तिसऱ्या दिवशी एका टॅक्सीवाल्याने चिठ्ठी आणली. बस खरोखरच आली होती आणि ती दोन्ही कुटुंबे रवाना झाली होती. काका जिना चढून आमच्या दारात आले. आत आले नाहीत. “सुनंदा, माझा चुकला गो,” एवढेच बोलले. तिने त्यांना पाणी दिले. मी मात्र दाराशी ठेवलेली बॅग उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरवर बसून काका शर्कला गेले. वाटेत त्यांना दोनदा उतरवून घेतले होते, हे आम्हाला फार नंतर कळले. आमच्या सर्वांची नावे नोंदवून ते संध्याकाळी परतले. नंबर लागायला एकोणीस दिवस लागले, आणि तेव्हाही थोड्याथोडक्यांचेच लागले. पहिल्या बसमध्ये काकांचे नाव होते. त्यांनी आपली जागा दुसऱ्याला दिली. “ज्यांका मी थांबवलंय, ते सगळे बसल्याशिवाय मी बसूचंय नाय,” असे म्हणून ते मागे राहिले आणि इमारतीतून सर्वांत शेवटी निघाले.

आम्ही बगदादमार्गे जॉर्डनच्या सीमेवर पोहोचलो आणि तिथल्या तंबूतच सुनंदाला कळा सुरू झाल्या. मुलगी दोन्ही तळहातांत मावेल एवढी होती. अकरा दिवस डॉक्टर काही सांगत नव्हते. त्या अकरा दिवसांत मी देवाचे नाव जितके घेतले, तितकेच काकांनाही शिव्याशाप दिले. रेडिओवर सांगितलेल्या त्या बसने गेलो असतो, तर पोर सावंतवाडीच्या दवाखान्यात, आजीच्या हाताखाली जन्मली असती. हा हिशेब मी कित्येक वर्षे मनातल्या मनात घालत होतो.

मुलगी जगली. युद्ध संपल्यावर आम्ही सारे पुन्हा कुवेतला आलो. ती आता गाडीत एफएम लावते. कोणते केंद्र, असे विचारले तर म्हणते, “बाबा, हू केअर्स? साँग छान आहे ना!” तिचेही खरे आहे. हल्ली केंद्रे दर दोन मिनिटांनी स्वतःचे नाव ओरडून सांगतात आणि ते कोणाच्याच कानात शिरत नाही. उलट ज्याला नावच नाही, अशा मोबाइलवरच्या निरोपावर माणसे घर सोडायला निघतात.

दोन हजार तीनच्या इराक युद्धात सायरन वाजू लागले, तेव्हा मला तसाच निरोप आला: आज विषारी वायू येणार, फिंतास सोडा. मी घाबरून काकांना फोन केला.

“कोण बोलता? कोणी धाडल्यान?”

“अनोळखी नंबर आहे, काका. काय करू?”

पलीकडे त्यांनी रेडिओचे बटण फिरवून पाहिले, खरखर मला ऐकू आली. मग म्हणाले, “तुका जावचा आसात तर जा. माझ्या शब्दावर थांबू नको.”

मला राग आला. पण अर्ध्या तासात काका रेडिओ काखेत घेऊन आमच्या दारात हजर झाले आणि संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर हॉलमध्ये बसून राहिले. वायू आला नाही. मात्र नव्वदच्या त्या बसनंतर आजवर त्यांनी कोणालाही ‘थांब’ म्हटलेले मी ऐकले नाही.

या लेखात नव्वदचे ते प्रकरण नको, असे मंडळाच्या कार्यकारिणीतील काहींचे म्हणणे पडले. मी काकांनाच विचारले. ते म्हणाले, “ताच लिही. बाकीचा काय मोठा केलंय मी?”

पुढच्या महिन्यात काका कायमचे गावी निघाले आहेत. काका, आता तुमच्याशीच बोलतो. त्या तंबूत मी तुम्हाला शाप दिले, हे सतरा वर्षांत सांगण्याचा मला धीर झाला नाही. आज सर्वांसमोर सांगतो, आणि तुमची क्षमा मागतो. तुम्ही चुकलात, पण आम्हाला एकटे टाकून गेला नाहीत. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, कान शाबूत राहोत, गुडघे न कुरकुरोत, ही प्रार्थना. तिच्यात माझा स्वार्थ आहे. माझी भीती अजून गेलेली नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी गावी तुम्हालाच फोन लावणार आहे. तेव्हा, काका, मला ‘जा’ म्हणू नका. न घाबरता ‘थांब’ म्हणा. मी थांबेन.